आधी घराण्याची विचारपूस, मग रक्ताची तपासणी

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष आणि गरोदरपणातील धोके

गरोदरपणात स्त्रीचे रक्त एरवीपेक्षा लवकर गोठते, आणि ते तसे गोठावे अशीच शरीराची योजना असते. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की मागे राहिलेली रक्तवाहिन्यांची उघडी तोंडे काही मिनिटांत मिटावी लागतात, नाहीतर बाळंतीण हातची जाते. त्याची तयारी शरीर महिनोन्‌महिने आधी करते. फायब्रिनोजेन वाढते, गोठण्याच्या साखळीतले सातवे, आठवे आणि दहावे घटक वाढतात, गोठणे आवरणारे प्रोटीन एस कमी होते आणि झालेली गुठळी विरघळवण्याचे काम मंदावते. या बंदोबस्ताची किंमतही असते. त्याच वयाच्या, गरोदर नसलेल्या स्त्रीपेक्षा गरोदर स्त्रीच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका चार ते पाच पट असतो. दर हजार गरोदरपणांमागे एक-दोघींना ती होते. यातला सर्वांत अवघड काळ पोटात बाळ असतानाचा नसून बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांचा असतो.

काही स्त्रियांच्या रक्तात गोठण्याचा हा कल जन्मापासूनच असतो. १९६५ साली नॉर्वेत ओलाव एगेबर्ग यांनी एका कुटुंबाचा अभ्यास मांडला. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गुठळ्या होत होत्या आणि आजारी माणसांच्या रक्तात अँटिथ्रोम्बिन कमी होते. पुढे १९८०च्या दशकात प्रोटीन सी आणि प्रोटीन एस यांची कमतरता असलेली कुटुंबे सापडली. ही तिन्ही प्रथिने रक्त गोठण्याच्या क्रियेचे ब्रेक आहेत. १९९३ मध्ये स्वीडनच्या ब्यर्न डालबेक यांना असे रुग्ण आढळले की त्यांच्या रक्तात प्रोटीन सी पुरेसे होते, पण त्याचा उपयोग होत नव्हता. याचे कारण पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडन शहरात कळले. पाचव्या घटकाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला होता आणि प्रोटीन सी ज्या जागी त्या घटकाला तोडते ती जागाच बदलली होती. म्हणून त्याचे नाव पडले फॅक्टर फाइव्ह लायडन. १९९६ मध्ये त्याच शहरातून प्रोथ्रोम्बिनच्या जनुकातला बदलही पुढे आला. हे पाचही दोष आई किंवा वडील, कुणाहीकडून येतात आणि दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

यांतले बहुतेक शोध युरोपात लागले आणि या पाचांतले दोन दोष मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. तिथे साधारण वीस माणसांमागे एकाला फॅक्टर फाइव्ह लायडन असते. भारतात त्याचे प्रमाण बरेच कमी आहे आणि प्रोथ्रोम्बिनचा बदल तर जवळजवळ आढळतच नाही. याला एक अपवाद मुंबईतच सापडला. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिकार-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २००० साली नोंदवले की पारशी समाजात फॅक्टर फाइव्ह लायडनचे प्रमाण लक्षणीय आहे. लहान, आपापसांत लग्ने करणारा समाज असल्याने तो बदल तिथे टिकून राहिला. बाकीच्या मराठी मुलुखात आनुवंशिक दोष शोधायचाच असेल, तर तो बहुधा प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटिथ्रोम्बिन यांच्या कमतरतेत सापडेल. परदेशातून जशीच्या तशी आलेली तपासण्यांची यादी इथे वापरताना हा फरक सहसा कुणी लक्षात घेत नाही.

सगळे दोष सारखे धोक्याचे नसतात. फॅक्टर फाइव्ह लायडनची एकच प्रत असलेल्या आणि घरात कुणाला गुठळी न झालेल्या बाईला गरोदरपणात गुठळी होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. आई-वडील दोघांकडून एकेक प्रत आली असेल, तर ती काही टक्क्यांपर्यंत जाते. अँटिथ्रोम्बिनची कमतरता सर्वांत घातक. ती दोन ते पाच हजारांत एखाद्यालाच असते, पण जिला आहे आणि जिच्या घरात गुठळ्यांचा इतिहास आहे, तिला संपूर्ण गरोदरपण आणि त्यानंतर सहा आठवडे औषधाविना ठेवणे धोक्याचे. दोष कागदावर तोच असला तरी आईला, मावशीला किंवा सख्ख्या बहिणीला पन्नाशीच्या आत गुठळी झाली असेल तर धोका वाढतो. आणि जिला स्वतःला पूर्वी गुठळी झाली आहे, तिचा धोका जनुकाचा अहवाल न पाहताही ठरवता येतो.

इथवर वैद्यकशास्त्रात फारसा वाद नाही. वाद आहे तो गर्भपाताचा.

१९९०च्या दशकात एक कल्पना जोर धरू लागली. पायाच्या शिरेत जशी गुठळी होते तशी वारेतही होत असेल, त्यामुळे बाळाचा रक्तपुरवठा तुटत असेल, आणि वारंवार होणारे गर्भपात, पोटातच दगावलेले बाळ, वाढ खुंटणे, रक्तदाब चढणे, वार अवेळी सुटणे या सगळ्यांचे मूळ तिथेच असेल. कल्पना सरळ होती आणि तिला थोडा आधारही होता. युरोपातील कुटुंबांच्या १९९६च्या एका मोठ्या अभ्यासात हे दोष असलेल्या स्त्रियांमध्ये, विशेषतः अँटिथ्रोम्बिन कमी असलेल्यांमध्ये, उशिराच्या महिन्यांत बाळ दगावण्याचे प्रमाण जास्त दिसले. २००४ मध्ये फ्रान्समधील नीम शहरातून आलेल्या प्रयोगाने तर खळबळच उडवली. दोष असलेल्या आणि दहा आठवड्यांनंतर एकदा गर्भ गमावलेल्या १६० स्त्रियांपैकी निम्म्यांना अॅस्पिरिन आणि निम्म्यांना रक्त गोठणे रोखणाऱ्या हेपरिनचे इंजेक्शन दिले. इंजेक्शनच्या गटात ८६ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले, तर अॅस्पिरिनच्या गटात अवघ्या २९ टक्के स्त्रियांना. वारंवार पोट पडून खचलेल्या जोडप्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना यापेक्षा अधिक काय हवे होते?

पुढचे प्रयोग मात्र याला पुष्टी देईनात. कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोष असलेल्या २९२ गरोदर स्त्रिया होत्या. गरोदरपणभर इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. मग २०२३ मध्ये निर्णायक म्हणावा असा प्रयोग आला. ब्रिटन, नेदरलँड्स, अमेरिका, बेल्जियम आणि स्लोव्हेनिया या पाच देशांतल्या ४० रुग्णालयांतील ३२६ स्त्रिया त्यात होत्या. प्रत्येकीला आनुवंशिक दोष होता आणि प्रत्येकीचे दोन किंवा अधिक गर्भ गेले होते. रोज हेपरिन घेणाऱ्या गटात ७२ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले, तर इंजेक्शनशिवाय फक्त नीट देखरेखीखाली असलेल्या गटात ७१ टक्के स्त्रियांना. अंगावर काळेनिळे डाग मात्र इंजेक्शन घेणाऱ्यांच्या वाट्याला कितीतरी जास्त आले.

या निकालात अनपेक्षित असे फारसे नव्हते. पहिल्या दहा आठवड्यांत आईचे रक्त वारेत मोकळेपणाने खेळतच नाही, त्यामुळे गुठळीने वारेचा पुरवठा तुटणे ही गोष्ट त्या काळात नीट बसतच नाही. आणि त्या काळातले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील बिघाडाने होतात. त्यावर आईला दिलेले कुठलेही इंजेक्शन चालत नाही. ७१ टक्क्यांचा आकडा मात्र घरोघरी सांगण्यासारखा आहे. दोनदा-तीनदा गर्भपात झालेल्या आणि दोष असलेल्या स्त्रियांनाही, काहीही न टोचता, दहापैकी सातजणींना मूल झाले.

आपल्याकडे व्यवहारात याच्या उलट चालते. दुसरा गर्भपात झाला, कित्येकदा पहिलाच, की ‘थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल’ ही या दोषांच्या तपासण्यांची यादी लिहून दिली जाते. तिचे बिल हजारांच्या घरात जाते. नमुना बहुतेकदा गर्भ गेल्यावर लगेच किंवा पुन्हा दिवस गेल्यावर घेतात, आणि त्या वेळी प्रोटीन एस नैसर्गिकरीत्याच खाली गेलेले असते. अहवालात आकड्यासमोर बाण दिसतो आणि ‘रक्त घट्ट आहे, म्हणून मूल टिकत नाही’ असे सांगितले जाते. यादीत एमटीएचएफआर नावाच्या जनुकाची तपासणीही असते. त्यातला बदल इतका सर्रास आढळतो की शोधायला गेले की तो सापडतोच. गुठळी किंवा गर्भपात यांच्याशी त्याचा उपयोगी संबंध नाही, म्हणून ही तपासणी करू नये, असे अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्सने २०१३ मध्येच सांगून टाकले आहे. युरोपातील प्रजननतज्ज्ञांची आणि अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही केवळ वारंवार गर्भपात झाले म्हणून आनुवंशिक दोष शोधायला सांगत नाही. तरीही त्या कागदाच्या आधारावर बाईच्या पोटात रोज एक सुई सुरू होते आणि नऊ महिन्यांत अडीचशेच्या पुढे जाते. सुईमागे काही शे रुपये धरले तरी शेतमजुराच्या किंवा रिक्षावाल्याच्या घराचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. आणि पैशाखेरीज आणखी एक भार असतोच. ‘दोष सुनेच्या रक्तात आहे’ हे एकदा कागदावर आले की सासरी त्याचा उच्चार वर्षानुवर्षे होत राहतो.

या यादीत एक तपासणी अशी आहे की ती वगळून चालणार नाही. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा दोष आनुवंशिक नाही. तो शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीतून पुढे कधीतरी उद्भवतो. तीन गर्भपात, दहा आठवड्यांनंतर गेलेले बाळ किंवा ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावे लागेल इतका रक्तदाब असा इतिहास असेल, तर तो शोधलाच पाहिजे, कारण त्यात अॅस्पिरिन आणि हेपरिनचा फायदा होतो. मात्र त्याचे निदान एका नमुन्यावर होत नाही. बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून दोन्ही वेळा तो सापडावा लागतो. आनुवंशिक दोष आणि हा आजार एकाच चिठ्ठीवर लिहिले जातात, म्हणून एकाचे औषध दुसऱ्यालाही दिले जाते. घोटाळ्याचे मूळ बहुतांशी इथेच आहे.

दुसऱ्या टोकाचा एक दोष तर यादीत नसतोच. रक्त गोठण्याच्या साखळीतला तेरावा घटक जन्मतः जवळजवळ नसलेल्या स्त्रीचे रक्त गोठते, पण गुठळी घट्ट होत नाही आणि सुटून जाते. अशा स्त्रीचे गर्भ एकामागून एक गळतात आणि बाहेरून तो घटक दिल्याशिवाय बहुधा टिकत नाहीत. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन्ही चाचण्या यात निर्दोष येतात, त्यामुळे दोष लपून राहतो. त्याचा सुगावा लागतो तो जुन्या आठवणीतून. जन्मल्यावर बेंबीतून दिवसेंदिवस रक्त झिरपत होते का? जखम बंद होऊन पुन्हा वाहू लागायची का? आई-वडील नात्यातले आहेत का? आजार फार दुर्मीळ आहे, पण मामा-भाच्यांच्या आणि आते-मामे भावंडांच्या लग्नाची चाल असलेल्या भागात हे प्रश्न विचारायला पैसा लागत नाही.

आता मुख्य धोक्याकडे. ज्यासाठी हे दोष खरोखर महत्त्वाचे आहेत, ती आईच्या शिरेतली गुठळी. गरोदरपणातली गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते. उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाची शीर ओलांडून जाते आणि ती शीर धमनी व पाठीचा कणा यांच्यामध्ये दाबली जाते. पोट वाढले की दाब आणखी वाढतो. गुठळी अनेकदा पोटरीत नसून वर जांघेत किंवा ओटीपोटात सुरू होते, म्हणून दुखणे कमरेचे वाटते आणि ‘दिवसांतले दुखणे’ म्हणून सोडून दिले जाते. दोन्ही पायांवर सूज असणे गरोदरपणात नेहमीचेच. एकाच पायावर असणे नेहमीचे नव्हे. ओळखायला एक मोजपट्टी पुरते. दोन्ही पोटऱ्यांचा घेर एकाच उंचीवर घ्यावा, आणि फरक दोन सेंटिमीटर किंवा जास्त असेल, त्यातही डावा पाय जाड असेल, तर बाईला त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफीसाठी पाठवावे. डी-डायमरची रक्ततपासणी इथे फारशी कामाची नाही, कारण गरोदरपणात ती तशीही वाढलेलीच असते. गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला तर अचानक धाप लागते, छातीत कळ येते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो.

भारतीय बाळंतिणींमध्ये आणखी एक जागा धोक्याची आहे, ती म्हणजे मेंदूतल्या शिरा. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचे प्रमाण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त दिसते, हे मदुराई आणि बंगळूरच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच दाखवून दिले. रक्तक्षय आणि शरीरातले पाणी कमी होणे ही त्याची दोन कारणे सांगितली जातात, आणि इथे महाराष्ट्रातल्या बाळंतिणीच्या खोलीचा विचार करावाच लागतो. माहेरची माया, तूप-डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती यांत वाईट काही नाही. पण बाजेखाली शेगडी, कान बांधलेले, दारे-खिडक्या बंद, आणि ‘टाके पिकतील’ म्हणून पाणी घोटभरच दिले जाते. अंगावर पाजणाऱ्या बाईला घामाने आणि दुधाने आधीच पाणी कमी पडत असते, वर ती दिवसभर पडून. रक्तात आनुवंशिक दोष असेल, तर यातून आणखी भर पडते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून डोके ठणकते, उलट्या होतात, दिसायला अंधुक होते, मग एखाद्या रात्री आकडी येते किंवा एक बाजू लुळी पडते. कुठे दृष्ट काढली जाते, कुठे बाहेरची बाधा म्हणतात, आणि दवाखान्यातही कधी कधी केवळ रक्तदाबाची आकडी समजून उपचार होतात. वेळेत ओळखून हेपरिन मिळाले तर यातल्या बहुतेक स्त्रिया बऱ्या होऊन घरी जातात.

ब्रिटनचा अनुभव इथे उपयोगी पडावा. तिथे २००३ ते २००५ या तीन वर्षांत गुठळीने ४१ माता दगावल्या. त्याच काळात, २००४ मध्ये, प्रत्येक गरोदर स्त्रीचा धोका मोजण्याची आणि गरजेप्रमाणे प्रतिबंधक इंजेक्शन देण्याची पद्धत लिहून दिली गेली. ती रुळल्यावर २००६ ते २००८ मध्ये हा आकडा १८ झाला. पुढे तो तसाच उतरत राहिला नाही आणि गुठळी हे तिथल्या मातामृत्यूंचे आजही मोठे कारण आहे. पण ती घट जनुकांच्या तपासणीने झाली नव्हती. वय पस्तिशीपुढे आहे का, वजन किती, मुले किती, पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत का, सिझर ऐन कळांमध्ये झाले का, बाई किती दिवस अंथरुणाला खिळली होती, स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला गुठळी झाली होती का, अशा प्रश्नांनी ती झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे महाराष्ट्रात चारातले एक बाळंतपण सिझरने होते. म्हणजे हे प्रश्न इथे लागू पडणाऱ्या बायका थोड्या नाहीत.

जिला औषधाची खरी गरज आहे तिच्यासाठी औषध उपलब्ध आहे आणि बाळाला निर्धोकही आहे. कमी रेणुभाराचे हेपरिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही. त्यातले एनॉक्सापॅरिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. गोठणे रोखणाऱ्याच वॉर्फरिनच्या गोळ्या मात्र वार ओलांडतात आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात घेतल्या तर बाळात व्यंग येऊ शकते, म्हणून ती गोळी चालू असलेल्या बाईने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवे. बाळंतपणानंतर अंगावर पाजताना तीच गोळी चालते. कमरेतून भूल द्यायची असेल, तर प्रतिबंधक मात्रेनंतर बारा तास आणि उपचाराच्या मोठ्या मात्रेनंतर चोवीस तास जावे लागतात. हे गणित प्रसूतिगृहाला आधी माहीत असावे लागते. प्रथिनांच्या कमतरतेची तपासणी करायचीच असेल, तर ती बाळंतपणानंतर किमान सहा आठवड्यांनी, औषध थांबलेले असताना करावी. त्याआधीच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

शासनाकडून अपेक्षित असलेल्या गोष्टींना नवी इमारत लागत नाही. माता व बाल संरक्षण कार्डात एक रकाना वाढवावा, आणि प्रश्न घरच्या भाषेत असावा : घरात कुणाचा पाय सुजून काळानिळा पडला होता का, कुणी बाळंतपणात किंवा ऑपरेशननंतर अचानक धाप लागून गेले का, कुणाला बाळंतपणात आकडी आली होती का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या बाईला दर महिन्याच्या ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत तज्ज्ञांपुढे आणावे. आशाताई बाळाला पाहायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातातच. धोक्याचे सहा आठवडे नेमके हेच. त्या भेटीत आईच्या दोन्ही पोटऱ्यांना मोजपट्टी लावणे, डोकेदुखीची चौकशी करणे आणि ‘पाणी भरपूर पी, उठून चालत जा’ हे सासू किंवा आई समोर असताना सांगणे, एवढे काम वाढेल आणि त्याचा मोबदलाही वाढावा. जिला गुठळी झालेली आहे किंवा दोष माहीत आहे, तिला माला-एनसारख्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊ नयेत. तिला कॉपर-टी चालते, हे उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेले असावे. शासकीय रुग्णालयांत एमटीएचएफआरची तपासणी लिहून देणे थांबवावे, आणि केवळ गर्भपातासाठी आनुवंशिक तपासण्यांची यादी लिहून देणाऱ्या खासगी केंद्रांसाठी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेला बरोबर घेऊन राज्याची मार्गदर्शक सूचना काढावी. सिझर झालेल्या प्रत्येक बाईच्या सुट्टीच्या कागदावर, तिच्या गुठळीच्या धोक्याचा हिशेब केला की नाही आणि इंजेक्शन लागत असेल तर ते किती दिवस घ्यायचे, या दोन ओळी मराठीत लिहिणे येत्या आर्थिक वर्षापासून बंधनकारक करावे, ही विनंती.